जुगार पकडा, खुराडं मोजू नका



कोंबड्यांच्या झुंजीची आम्ही वकिली करीत नाही. पायाला कत्ती बांधून पाखरू मारायचं आणि त्यावर घरचा पैसा लावायचा, यात कसला पुरुषार्थ? पण झुंजी थांबवण्यासाठी कोंबडे पाळण्यावरच मर्यादा घालायची, हे शहरी शहाणपण आम्हाला मान्य नाही. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहराने 2009 साली घरटी एकच कोंबडा असा नियम केला. शहराचं शहर जाणे. आपल्याकडे तसा नियम नाही, आणि येऊही द्यायचा नाही. देगलूर-उदगीरच्या वाडीवस्तीवर तो आला तर काय होईल, याचा हिशेब मांडा.

खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवली, तर एकवीस दिवसांनी निघणाऱ्या पिलांत साधारण निम्मे नर. तलंगा अंड्यांसाठी घरी राहतात, कोंबडे आठवडी बाजारात जातात. बाईच्या हाती येणारा रोख पैसा तो एवढाच. पोरांची वह्या-पुस्तकं, औषधपाणी त्यातूनच. एकच कोंबडा ठेवा म्हणजे निम्मी पैदास गुन्हेगार!

झुंजीविरुद्ध कायदे नाहीत काय? जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा आहे. चव्हाट्यावर पाखरं झुंजवणाऱ्याला पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही झुंज लावणं गुन्हा ठरवलं. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती लिहिला? 10 ते 50 रुपये! हजारांचा डाव लावणारा तो हसत भरेल. दंड वाढवा, अड्डा चालवणाऱ्याला आत टाका. त्याला हात लावायचा नाही आणि गरिबाच्या खुराड्यात डोकवायचं, हा कुठला न्याय?

हे औषध आम्ही एकदा चाखलं आहे. 2015 साली राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली. थकलेल्या बैलाची किंमत बुडाली. घाटा सोसला शेतकऱ्याने. परराज्यातून कायदेशीर आणलेलं गोमांस नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरवलं होतं. ते कलम मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे 2016 रोजी रद्द केलं. कत्तलबंदी मात्र राहिली. दया सरकारची, चारा शेतकऱ्याचा!

आमचं म्हणणं सरळ आहे. गुन्हा झुंज लावण्याचा, कोंबडा पाळण्याचा नव्हे. गावात झुंजीचा अड्डा असेल तर ग्रामसभेत ठराव करून तो बंद पाडा. पण कोणी खुराडं मोजायला आला, तर त्याला वेशीवरूनच परत पाठवा.