चार तासांची आशा

आशा हा शब्द आपल्या वस्तीत आपल्या पायानं येत नाही. कुणीतरी आणून सोडतो. घरात कॅन्सर निघाला, त्यातही शेवटच्या टप्प्यातला, की दारात रांग लागते. एक येतो वैदूचा काढा घेऊन. एकवीस दिवसांत गाठ विरघळते म्हणतो, पैसे मात्र पहिल्या दिवशी मोजून घेतो. दुसरा नवस सांगतो. तिसरा शिकलेला. मनात चांगले विचार आणा, रोग पळतो, म्हणतो. म्हणजे रोग नाही पळाला तर बाईचं मनच कमी पडलं! मरणाऱ्याच्या माथी आणखी एक गुन्हा. आपल्या कवितांतसुद्धा आशा म्हटलं की लगेच सूर्य उगवतो. गोदीत रात्रपाळी करणाऱ्याला सूर्य म्हंजे फक्त सुट्टी.

माझी आई तोंडाच्या कॅन्सरनं पडून आहे. जन्मभर मिशेरी लावली. का लावली म्हणून डॉक्टर रागावतात. राग बरोबर आहे, तंबाखू ती तंबाखूच. पण पहाटे चारला पाण्याची रांग, मग चार घरची भांडी, दुपारी दोनपर्यंत पोटात कण नाही, ती भूक तव्यावर जाळलेल्या तंबाखूच्या चिमटीनं मरते, हे त्यांच्या पुस्तकात कुठल्या पानावर आहे? गाठ गालातून मानेत उतरलीय. जबडा बोटभरसुद्धा उघडत नाही. ऑपरेशनची वेळ निघून गेली.

इथंच ते वाक्य येतं : ‘आता करण्यासारखं काही राहिलं नाही. घरी न्या, सेवा करा.’ दवाखान्याचं नाव घेत नाही, कारण हे वाक्य एका दवाखान्याचं नाही. माझं भांडण या वाक्याशी आहे. गाठ जाणार नाही, कबूल. पण ठणका राहिला की नाही? झोप राहिली, गिळणं राहिलं, जखमेचा वास राहिला. यातल्या प्रत्येकावर काही ना काही करता येतं. ते मागून घेणं, भांडून घेणं, याला मी आशा म्हणतो. दुसरी माझ्याकडं नाही.

ठणक्याचंच घ्या. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ साली कॅन्सरच्या दुखण्याला पायऱ्या घालून दिल्या. आधी साध्या गोळ्या, त्यानं भागलं नाही तर त्यावरच्या, तरी नाही तर मॉर्फिन. आणि तेही घड्याळावर. माणूस ओरडल्यावर नव्हे, ओरडायच्या आधी. साधी गोळी चार तास पुरते. आईच्या नाकात नळी आहे, डॉक्टरांनी दाखवलं तसं पाण्यात विरघळवून नळीतून देतो. मी पाळीला असलो की शेजारची मावशी देते. तिला आकडे वाचता येत नाहीत, म्हणून घड्याळाच्या काचेवर दोन, सहा आणि दहावर तिच्याच टिकल्या चिकटवल्या. काटा टिकलीवर आला की गोळी. पोट साफ व्हायचं औषध सोबत लागतंच, नाहीतर दुसराच त्रास. पाहुणे म्हणाले, म्हातारीला नशेला लावली. डॉक्टरच्या मापानं ठणक्यावर दिलेली गोळी आणि गर्दुल्ल्याची पुडी एक नव्हे, हे त्यांना सांगून माझा घसा बसला. आई मात्र कित्येक आठवड्यांनी सलग झोपली.

ही गोळी हातात पडायला मला अकरा दिवस फिरावं लागलं. का? मॉर्फिन अफूतून निघतं. अफू याच देशात पिकते, मंदसौर-नीमचकडं, राजस्थानात, उत्तर प्रदेशात, सरकारी परवान्यानं. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. इथली अफू परदेशात औषधाला जाते. मी ज्या मुंबई बंदरात घाम गाळतो, तिथून एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू पेट्यांनी चीनला गेली. कंपनी सरकारनं पास देऊन त्यावर महसूल गोळा केला. जमशेटजी जीजीभॉय त्या व्यापारात गबर झाले, आणि त्यांच्या देणगीचा हात लागून १८४५ साली जे. जे. हॉस्पिटल सुरू झालं. तिथं आपलीच माणसं बरी होतात, त्याला नाव ठेवत नाही. पण नफ्यासाठी जिला समुद्राची वाट मिळाली, तिला गरिबाच्या ठणक्यासाठी चार गल्ल्या ओलांडायच्या झाल्या तेव्हा १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा आडवा आला. दवाखान्याला चार-पाच खात्यांचे परवाने. एक हातात येईतो दुसऱ्याची मुदत खलास. कितीक दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला, राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरे झाली. पण कायदा बदलला म्हणून डॉक्टरच्या मनातली भीती बदलत नाही, कपाटही आपोआप भरत नाही.

होत नाही असं नाही. केरळात कोळिकोडला १९९३ साली दुखणं उतरवण्याचं केंद्र निघालं. पुढं तिथली साधी माणसं शिकून घरोघर जाऊ लागली, आणि २००८ साली राज्य सरकारनं तेच धोरण केलं. आता नर्स घरी येते. आपल्या मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना १९८६ पासून शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटांना सांभाळते आहे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा बाहेरगावच्या कॅन्सर पेशंटांना निवारा देते. पण खाटा किती, आणि माणसं किती? बाकीचे आपल्या खोलीतच मरतात. तिथं कोण जाणार?

आपण जायला पायजे. जयंतीला रात्र रात्र जागून मंडप घालणारी पोरं आहेत आपल्याकडं. जखमेच्या वासानं आमच्या गल्लीत दोन घरांनी दारं लावून घेतली. माणसाला वासावरनं लांब बसवायची रीत आपल्या बापजाद्यांनी भोगलीय, ती आपणच चालवायची? त्या वासावर मेट्रोनिडाझोलची पूड आहे, स्वस्तातली. डॉक्टरला विचारून जखमेवर भुरभुरली की वास बसतो. एवढं शिकायला मॅट्रिकसुद्धा लागत नाही.

आणि खरं सांगा. आईला सांगू नको, खचेल, असं सगळे म्हणत होते. मी सांगितलं. ती भिंतीकडं तोंड करून बराच वेळ पडली. मग बंद जबड्यातनंच म्हणाली, ‘भिशीचं पैसं मावशीकडं हायती, धाकटीच्या नावावर टाक. अन् मिशेरीचा डबा फेकून दे, तिच्या हाताला लागंल.’ काढावाला आणि नवसवाला तिला हे बोलूच देत नव्हते.

तर पुढच्या अंकापर्यंत प्रत्येकानं आपल्या भागातल्या सरकारी दवाखान्यात जाऊन विचारावं : मॉर्फिनची गोळी आहे का? नसेल तर का नाही, ते लेखी मागावं. उत्तरं अंकाच्या पत्त्यावर पाठवा. कुणाला सोबत पायजे असेल तर रविवारी मी येतो. दोनला आणि सहाला तेवढं घरी असावं लागतं.