तापाचा हिशेब रात्रीही हवा

एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलाला ताप आला, तर त्याच्या रक्तातील सीआरपी या दाहदर्शक प्रथिनाची तपासणी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापुरात रात्री-अपरात्रीही मोफत झालीच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. अंबरनाथच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. त्याच्या उपयुक्ततेची कसोटी अशाच रुग्णांवर लागेल. या मुलांच्या सीडी-४ पेशींचा आकडा प्रतिकारशक्ती सांगतो, आजचा जंतुसंसर्ग नव्हे. पांढऱ्या पेशींवरही विसंबता येत नाही, कारण विषाणू आणि काही औषधे त्यांची संख्या मुळातच खाली आणतात. सीआरपी मात्र संसर्गानंतर सहा-आठ तासांत चढू लागते आणि बोटातल्या थेंबभर रक्तावर काही मिनिटांत मोजता येते. प्रोकॅल्सिटोनिन ही दुसरी रक्ततपासणी जिवाणूंबाबत अधिक नेमकी, पण महाग.

सीआरपी क्षयरोगातही वाढते, मग तिचा भरवसा काय, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप खरा, निष्कर्ष चुकीचा. एचआयव्हीबाधित प्रौढ व किशोरवयीनांमध्ये क्षयरोगाच्या चाळणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२१ मध्ये ही तपासणी सुचवली. मात्र आकडा कमी आला म्हणून आजारी दिसणाऱ्या मुलाला घरी पाठवणे हा गुन्हाच ठरेल. रक्ताचे कल्चर आणि डॉक्टरांची नजर यांना पर्याय नाही. अशी मुले मोजकीच, हे कारणही लंगडे आहे: तेच यंत्र तापाने फणफणलेल्या प्रत्येक बालकाच्या कामी येईल. आरोग्य विभागाने येत्या पावसाळ्यापूर्वी तिन्ही शहरांत ही सोय चोवीस तास सुरू करावी.