सही हवी, पण चावी आपल्याकडे हवी

या अंकाचं टायपिंग दोन दिवस अडलं होतं. कारण काय, तर लॅबमधला ब्राउझर अपडेट झाला!

आपल्यापैकी बरेच जण कलबुर्गीत कन्नड शिकत मोठे झालेत. बोटांना सवय आहे ती नुडीच्या कन्नड कीबोर्डची. म्हणून आपल्याच सोसायटीतल्या एका सीनियर दादाने एक छोटं एक्स्टेन्शन बनवलं होतं. की दाबायची कन्नडच्या सवयीने आणि अक्षर उमटायचं देवनागरीत. दादा नोकरीसाठी बेंगळूरूला गेला, त्याचं एक्स्टेन्शन मात्र इथेच राहिलं. घरी मराठी बोलणारे पण मराठी टायपिंग कधीच न शिकलेले कितीतरी जण त्याच्यामुळे लिहायला लागले. नव्या ब्राउझरने ते बंद करून टाकलं. त्यात काही बिघाड नव्हता. त्याच्यावर सही नव्हती, एवढंच.

ही सही शाईची नाही. एक्स्टेन्शनची फाइल ब्राउझर बनवणाऱ्यांकडे पाठवायची, ते तिची तपासणी करून डिजिटल शिक्का मारतात. नंतर फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी शिक्का जुळत नाही. बाप्तिस्म्याच्या दाखल्यासारखंच आहे हे. फादरची सही आणि पॅरिशचा शिक्का नसेल, तर लग्नाच्या वेळी दुसऱ्या पॅरिशमध्ये तो कागद चालत नाही. बाप्तिस्मा झालेला असतोच, अडतं ते कागदापाशी.

आता हा नियम वाईट आहे का? मला तसं वाटत नाही. फायरफॉक्सचं उदाहरण घ्या. फुकट सॉफ्टवेअरबरोबर गुपचूप घुसणारी, होमपेज बदलणारी, पानापानावर जाहिराती चिकटवणारी एक्स्टेन्शन्स फार वाढली, म्हणून मोझिलाने २०१५ मध्ये सहीचा नियम जाहीर केला. डिसेंबर २०१५ च्या ४३ व्या आवृत्तीत तो लागू झाला, पण सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येत होता. ऑगस्ट २०१६ च्या ४८ व्या आवृत्तीपासून नेहमीच्या फायरफॉक्समधली ती सोयही गेली. कारण सरळ आहे. जे सेटिंग आपण बदलू शकतो, ते घुसखोर सॉफ्टवेअरही बदलू शकतं.

इथपर्यंत मला पटतं. पण ४ मे २०१९ ला काय झालं तेही पाहू. सह्या ज्या प्रमाणपत्रावर उभ्या होत्या, त्याची मुदत संपली आणि वेळेत नवीन करायचं राहून गेलं. जगभरातल्या फायरफॉक्समधली रीतसर सही असलेली एक्स्टेन्शन्ससुद्धा भराभर बंद पडली. फायरफॉक्सवरच उभ्या असलेल्या टॉर ब्राउझरमधलं नोस्क्रिप्टही बंद झालं, आणि टॉर वापरणारे बरेचसे लोक सुरक्षिततेसाठीच तो वापरतात. दुसऱ्या दिवशी ६६.०.४ ही दुरुस्त आवृत्ती आली, तोवर साध्या वापरणाऱ्याच्या हातात फारसं काही नव्हतं. ज्याने नियम पाळला तोही अडकला.

माझं म्हणणं एवढंच आहे. दाराला कुलूप असावं, ते डीफॉल्टने लागलेलंही असावं, पण घरमालकाकडे एक चावी हवी. ब्राउझरने हवं तर चार वेळा विचारावं, लाल अक्षरांत धोका सांगावा, पासवर्ड मागावा. त्यानंतर मात्र ‘हो, हे मला माहीत आहे’ म्हणायचा हक्क माझा असावा. फायरफॉक्सच्या डेव्हलपर एडिशनमध्ये आणि ईएसआरमध्ये सहीचा नियम आजही बंद करता येतो. म्हणजे चावी आहे, पण ती जाणकारांच्या कपाटात. मोठ्या भाषांसाठी कंपन्या स्वतःच सोयी बनवतात. कन्नड बोटांनी मराठी लिहिणाऱ्या मूठभर मुलांसाठी कोणती कंपनी काही बनवणार? आपलं काम असल्या घरगुती जुगाडावरच चालतं, आणि नियम कडक झाला की पहिलं मरतं ते हेच.

तरी सगळा दोष पलीकडे ढकलून मोकळं होता येणार नाही. सही मिळवायला पैसे लागतातच असं नाही. मोझिलाकडे तर एक्स्टेन्शन त्यांच्या दुकानात न मांडताही फुकट सही करून मिळते. दादाने ते केलं नाही, आणि तो गेल्यावर आपणही कधी विचारलं नाही. तीन बॅचेस ज्याच्यावर टाइप करत आल्या, त्याचा मूळ कोड कुठे आहे हे सोसायटीत एकालाही माहीत नव्हतं! शेवटी दादाला फोन करून तो मागवावा लागला.

म्हणून एक सुचवते. सोसायटीच्या नावाने एक खातं उघडूया, दादाचं एक्स्टेन्शन सही करून घेऊया आणि दर वर्षी दोन ज्युनियर्सना त्याची जबाबदारी देऊया. ब्राउझरवाल्यांकडे चावी मागायचीच, पण आपल्या वस्तूची काळजी आधी आपण घेतली, तर ती मागताना आवाजात जोर राहील.