परदेशी मुक्काम आणि फुकटचे मैदान

जुने शहरातल्या ज्या दोन खोल्यांत आमचा संसार झाला, तेथूनच आमचा मुलगा राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेला आणि पुढे तेथेच नोकरीला लागला. २०२५ च्या मे महिन्यात त्याने आम्हा उभयतांना बोलावून घेतले. सून कामावर जाते, नातू आठ वर्षांचा, नात चार वर्षांची. जुलैअखेर शाळेला सहा आठवड्यांची सुटी लागते, तेव्हा घरी कोणी तरी मोठे माणूस हवे. पाहुण्यांच्या व्हिसावर सहा महिन्यांपर्यंत राहता येते. आम्ही सप्टेंबरपर्यंत राहायचे ठरवून गेलो. आता वस्तीतली आणखी दोन-तीन मुले तिकडे आहेत आणि त्यांचे आईबाप विचारतात, "तिकडे दिवसभर करता काय?" म्हणून हे सदर त्यावरच लिहीत आहोत.

पहिल्याच रविवारी मुलाने हौसेने एका तिकिटाच्या ठिकाणी नेले. सहा माणसांची तिकिटे, वर खाणेपिणे. पौंडाला सुमारे ११५ रुपये पडत होते. आमच्या आयुष्मतींनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि रात्रभर झोपल्या नाहीत. "दोन महिन्यांचा किराणा झाला असता जी," एवढेच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाहेर पडणेच बंद केले. कोणी चला म्हटले की गुडघा दुखतो म्हणत. घर तिसऱ्या मजल्यावर. शेजारी कोण राहतो याचा पत्ता नाही. दोन्ही लेकरे मोबाईलमध्ये मान घालून. दहाव्या दिवशी जेवणाचे ताट तसेच सारून त्या बोलल्या, "मले घरी धाडून द्या. अठी काय करू मी? खिडकीतून आभाय पाहू?" विमानाचे तिकीट बदलायचे तर पुन्हा पैसे. मुलाचा चेहरा आम्हाला बघवेना. त्या पोराने वर्षभर पैसा साठवून आम्हाला नेले होते.

आम्ही एस.टी.त तीस वर्षे कंडक्टरकी केली. नव्या गावी गेलो की स्टँडवरच्या माणसाला विचारायचे, ही आमची जुनी सवय. नातवाच्या शाळेच्या फाटकाशी मुलांना सोडायला येणाऱ्या आज्या भेटत. कोणी पंजाबी, कोणी सिल्हेटी, कोणी तामीळ. मोडक्या हिंदीत एकीला विचारले, तर तिने हाताने उत्तरेकडे दाखवून सांगितले, "वॉनस्टेड फ्लॅट्स. पैसा नहीं लगता."

आमचे घर ईस्ट हॅम आणि मॅनर पार्कच्या मधे होते. तेथून हे मैदान पायी जाण्यासारखे आहे. मैदान म्हणजे ३०० एकरांहून मोठे माळरानच! उंच गवत, झाडांचे पुंजके, तळे, फुटबॉलची ओळीने मैदाने. फाटक नाही, तिकीट नाही, पहारेकरी नाही. संध्याकाळी पोळ्या, ठेचा, पाण्याची बाटली आणि एक जुनी चादर घेऊन आम्ही निघू लागलो. जूनमध्ये तिकडे रात्री नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळे शाळा सुटल्यावरही हाताशी चार-पाच तास उरतात. नातवाला घरच्या घरी कागदाचा पतंग करून दिला. चादरीवर बसून आयुष्मतींनी नातीला सागरगोटे शिकवले, पण गोट्या गवतात हरवत. शेवटी टाळ्यांचे खेळ सुरू झाले. आठवडाभरात दुसऱ्यांची लेकरेही चादरीभोवती जमू लागली आणि गुडघ्याची तक्रार कुठल्या कुठे गेली!

एवढी मोठी जागा त्या महाग शहरात मोकळी कशी राहिली, याचे आम्हाला नवल वाटे. मुलाने वाचून सांगितले. हे मैदान एपिंग फॉरेस्ट या जंगलाचा भाग. एकोणिसाव्या शतकात मोठे जमीनदार तेथे कुंपणे घालू लागले. जुलै १८७१ मध्ये लंडनच्या पूर्व भागातली हजारो कष्टकरी माणसे याच मैदानावर जमली आणि कुंपण मोडून टाकले. पुढे १८७८ मध्ये कायदा होऊन ही जागा लोकांसाठी कायमची मोकळी राहिली. आमच्या वऱ्हाडात ज्याला ई-क्लास म्हणतात, तशीच ही गावाची चराईची जमीन! आपल्याकडे अशा जमिनीसाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये लाखो भूमिहीन तुरुंगात गेले. आयुष्मतींचे वडील त्यांतलेच. हे ऐकल्यावर त्या मैदानावर जरा ऐसपैस बसू लागल्या. आता तेथे कुंपण दिसले ते एकच, चंडोल पक्षी जमिनीवर अंडी घालतो म्हणून विणीच्या दिवसांपुरते घातलेले.

लांब जायचे तर बस. रेल्वेपेक्षा बस स्वस्त. २०२५ मध्ये मोठ्या माणसाला १.७५ पौंड पडत आणि तासाभराच्या आत कितीही बसगाड्या बदलल्या तरी पुन्हा पैसे कापत नसत. मोठ्यांसोबतची ११ वर्षांखालील मुले फुकट. रोख पैसे मात्र चालत नाहीत, कार्ड लागते. आपल्याकडे पंचाहत्तरी ओलांडली की एस.टी. फुकट, तसा म्हातारपणाचा पास तिकडे पाहुण्याला मिळत नाही. वरच्या मजल्यावर पुढची बाके धरून बसले की सारे शहर दिसते. गाडीत कंडक्टर नाही हे मात्र आमच्या जिवाला लागले.

अशाच एका रविवारी दोन बसगाड्या बदलून १०, किंग हेन्रीज रोड गाठले. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब या घरात राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. जायच्या आधी उघडण्याची वेळ विचारून घ्यावी. आतली खोली पाहून आम्ही सारेच गप्प झालो. तेथून थोड्याच अंतरावर प्रिमरोज हिल ही गवताची टेकडी आहे, उंची सुमारे ६३ मीटर. आपल्या असदगडाच्या बुरुजावर पोरे चढतात तशी आमची दोन्ही पाखरे वर पळाली. वरून सारे लंडन दिसते. आयुष्मतींनी चपला काढून गवतावर पाय ठेवले. "बाबासाहेब वाचून थकले की अठी येत असतील काय?" आम्ही काय सांगणार! डबा उघडला आणि सहाही जण जेवलो. त्या दिवशी बसभाडे सोडून एक पैसा खर्चला नाही.

बॅटरसी पार्कमध्ये थेम्स नदीच्या काठी जपानी भिक्खूंनी १९८५ मध्ये उभारलेला शांतिस्तूप आहे. चारही बाजूंना तथागतांच्या सोनेरी मूर्ती, समोर नदी. राजगीरचा विश्वशांती स्तूप ज्या संघाचा, त्याच निप्पोनझान म्योहोजीचा हा. येथेही तिकीट नाही. पाऊस कधीही येतो, तेव्हा छत्री विसरू नये आणि बूट येथूनच चांगले घेऊन जावेत. प्रवासाचा आजारपणाचा विमा काढल्याशिवाय तर निघूच नये, तेथे पाहुण्याला दवाखाना फार महाग पडतो. या एका खर्चात काटकसर करू नका.

ऑगस्टमध्ये हेमेल हेम्पस्टेड गावाजवळच्या एका विहारात गेलो. १९८४ साली स्थापन झालेल्या या विहाराचे नाव अमरावती! शेतांच्या धुऱ्याधुऱ्याने पायवाटा, आणि त्यांवरून कोणीही चालावे असा तिकडचा कायदाच आहे. आयुष्मती पूर्ण दुपार त्या वाटांवर नातीचे बोट धरून हिंडल्या. रात्री त्यांनी अकोल्याला बहिणीला फोन लावला आणि सांगितले, "आज अमरावतीले जाऊन आलो."

"कधी आल्या बाई परत? आन् घरी न येता सरळ अमरावतीले?" बहीण तिकडून रुसली. तिची समजूत घालण्यात फोनवर अर्धा तास गेला.