सिंधू आणि पांढरी फीत

ख्रिस्ती स्त्रियांच्या दारूविरोधी चळवळीचा विषय निघाला की आपल्या सुशिक्षितांच्या चेहऱ्यावर एक ठरीव हसू उमटते. कुऱ्हाड घेऊन कॅन्ससमधील गुत्ते फोडत हिंडणारी कॅरी नेशन, आवळलेले ओठ, हातातले बायबल आणि १९२० ते १९३३ या काळातील फसलेली अमेरिकन दारूबंदी, एवढ्या चार चित्रांवर साऱ्या चळवळीचा निकाल लावला जातो. हा निकाल आळशी आहे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

मुळात घडले काय? १८७३ च्या डिसेंबरात ओहायोतील हिल्सबरो गावी एलायझा थॉम्पसन यांच्या पुढाकाराने बायका चर्चमधून निघाल्या आणि दारूविक्रेत्यांच्या दारात प्रार्थना करू लागल्या. त्यांच्या हाती कुऱ्हाड नव्हती, मतही नव्हते. नवऱ्याने मजुरी गुत्त्यात उधळली तर दाद मागायची कोठे, हा त्यांतल्या कित्येकींपुढचा रोकडा प्रश्न होता. सभ्य स्त्रीने चारचौघांत भाषण करणेही जिथे अनेकांना गैर वाटे, तिथे प्रार्थना हा रस्त्यावर उतरण्याचा परवाना ठरला. गुडघे टेकलेल्या बाईला हाकलणार कोण? या भक्तीतले राजकारण ज्यांना दिसत नाही, त्यांनी निदान तिच्यावर हसू नये.

नोव्हेंबर १८७४ मध्ये क्लीव्हलंड येथे ‘विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन’ स्थापन झाली. पांढरी फीत ही तिची खूण. १८७९ पासून १८९८ मध्ये मृत्यू येईपर्यंत अध्यक्ष राहिलेल्या फ्रान्सिस विलर्ड यांनी दारूचा धागा धरून मताधिकार, तुरुंगसुधारणा, संमतिवय इथवर मजल मारली. न्यूझीलंडमध्ये १८९३ साली स्त्रियांना मताधिकार मिळाला, त्यासाठी सह्यांची मोहीम चालवणाऱ्या केट शेपर्ड याच संघटनेच्या. ‘दारूबंदी फसली, म्हणजे चळवळ फसली’ म्हणणाऱ्यांनी हे कोणत्या रकान्यात मांडायचे ते सांगावे.

चळवळीला सोवळे नेसवण्याचा आमचा हेतू नाही. दक्षिणेतील गोऱ्या समर्थकांची मर्जी राखताना विलर्ड यांनी काळ्या पुरुषांना मद्यपी आणि स्त्रियांना धोकादायक म्हणून रंगवले, आणि आयडा बी. वेल्स यांनी १८९० च्या दशकात त्यांना त्याचा जाहीर जाब विचारला. आक्षेप घ्यायचाच तर तो हा आहे. कुऱ्हाडीवर हसणाऱ्यांना तो सहसा ठाऊकही नसतो.

आता आपल्या अंगणात येऊ. १८८६ साली अमेरिकेस गेलेल्या पंडिता रमाबाईंचा विलर्ड यांच्याशी स्नेह जुळला. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात रमाबाईंनी या संघटनेचा परिचय मराठी वाचकांना करून दिला. त्यानंतर तीस वर्षांनी, १९१९ साली, गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेत दारूबंदीच्या घटनादुरुस्तीला राज्यांची पुरेशी संमती मिळाली होती. मराठीच्या वर्गात दारू म्हटले की सुधाकर आठवतो आणि दारुड्याची बायको म्हटले की सिंधू. मारणाऱ्या नवऱ्याला मरतानाही पाठीशी घालणारी सिंधू!

यात गडकऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांना शोकांतिका लिहायची होती. दोष आहे तो सिंधूचे सोसणे हेच मराठी स्त्रीचे एकमेव उत्तर म्हणून शिकवण्याच्या रीतीचा. दारूने गांजलेल्या बायका एकत्र येतात, सह्या गोळा करतात, सभा चालवतात, हे मराठी गद्यात सिंधूच्या तीस वर्षे आधी लिहिले गेले होते. रमाबाईंचे धर्मांतर आणि विधवाकार्य यांपलीकडे न पाहणाऱ्या समीक्षेला ते दिसले नाही, एवढेच.

दारूच्या परवान्यावर स्त्रियांनी मत द्यावे, ही विलर्ड यांची १८७९ च्या सुमाराची मागणी. महाराष्ट्रातील गावांनी ‘आडवी बाटली’च्या मतदानात तिचेच रूप पाहिले, दुकान बंद करण्यासाठी बायकांनी रांगा लावल्या. त्या बायकांचे वाङ्मयीन पूर्वसूत्र सिंधूत सापडणार नाही. तेव्हा ‘सिंधूचे स्वभावचित्र रेखाटा’ हा प्रश्न खुशाल घालावा. मात्र त्याच्या शेजारी रमाबाईंचे प्रवासवृत्त वाचायला लावावे आणि दोहोंची तुलना मागावी. विद्यार्थिनी काय लिहितात, ते वाचण्याची आम्हांला उत्सुकता आहे.