आमच्या गावाचे नाव यंत्राला कोण सांगणार?

माझ्या मोटारीच्या पुढच्या काचेला रबरी वाटीने चिकटवलेले एक लहानसे दिशादर्शक यंत्र गेली अनेक वर्षे माझ्यासोबत प्रवास करीत आहे. आता मोबाईलवरच नकाशे मिळतात, म्हणून कनिष्ठ वकील मला हसतात. तरीही मी ते काढलेले नाही. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटात शिरताना मोबाईलची रेंज जाते, तेव्हाही हे यंत्र वाट सोडत नाही. त्याचा नकाशा त्याच्या पोटातच साठवलेला असतो आणि त्याला लागतात ते केवळ उपग्रहांचे संकेत. पक्षकारांच्या जमिनींची पाहणी करायला आडवाटेने जाताना त्याने मला अनेकदा तारले आहे. हे उपकार मान्य करूनच मी त्याच्यावर आरोप ठेवतो.

आरोप असा, की या यंत्राला आमच्या एकाही गावाचे नाव धड उच्चारता येत नाही. त्याच्या तोंडी अनगोळ ‘अंगोल’ होते, शिनोळीची ‘शिनोली’ होते आणि सुळग्याचे ‘सुलगा’ होते. हिंदीत ‘सुलगा’ म्हणजे पेटला! पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी हसलो. मागील दिवाळीत मात्र हसू आले नाही. पुण्यात वाढलेली माझी भाची आजोळी आली आणि माझ्या आईला सांगू लागली, “आजी, आम्ही अंगोलवरून आलो.” आईने विचारले, “ते कुठं आलं गं?” आईचे माहेर अनगोळचे. जिथे तिचे बालपण गेले ते गाव नातीच्या तोंडून तिला ओळखता आले नाही, आणि नातीला आपण काही चुकीचे बोललो याची जाणीवही झाली नाही. तिला ते नाव घरातल्या माणसाने शिकवलेच नव्हते. ते यंत्राने शिकवले होते.

“नावात काय आहे, माणूस इच्छित स्थळी पोहोचला म्हणजे झाले,” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. या युक्तिवादाला कायद्यातही एक आधार आहे. वस्तू अन्यथा निश्चित असेल, तर तिच्या वर्णनातील चुकीमुळे दस्त बाधित होत नाही, हे रोमन विधिशास्त्रापासून चालत आलेले तत्त्व आहे. चतुःसीमा बरोबर असतील तर एखादा तपशील चुकला तरी खरेदीखत टिकते. यंत्राचेही तसेच चालते. अक्षांश-रेखांश बरोबर, मग नाव कसेही असो. परंतु हे तत्त्व जमिनीचे रक्षण करते, नावाचे नाही. जमीन कुठे पळून जात नाही. नाव तोंडातून गेले की पुढच्या पिढीकडून ते परत मागता येत नाही.

दोष नेमका कोणाचा? उपग्रहांचा खचित नाही. प्रत्येक उपग्रह स्वतःचे स्थान आणि अचूक वेळ एवढेच प्रक्षेपित करतो. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की यंत्र त्यांवरून आपले ठिकाण गणिताने काढते. त्या संकेतात ना बेळगाव असते, ना बेळगावी. नाव येते ते नकाशातून, आणि नकाशातील नाव कोणी तरी माणसाने लिहिलेले असते. ते बहुधा रोमन लिपीत लिहिले जाते, आणि मग मराठी किंवा कन्नड न जाणणारा कृत्रिम आवाज ते वाचतो. रोमन लिपीत ‘ळ’ आणि ‘ल’ एकच, ‘ण’ आणि ‘न’ एकच, ऱ्हस्व-दीर्घ तर कोणी पाहतच नाही.

आमच्यातील काही मित्र या सर्वाचे खापर कन्नडवर फोडून मोकळे होतात. हा आरोप पुराव्याच्या कसोटीवर टिकत नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे शासकीय नाव ‘बेळगावी’ झाले. त्याविषयी आमची भावना जगजाहीर आहे, ती येथे पुन्हा सांगत नाही. परंतु कन्नडलाही ‘ळ’ आहे. ‘बेळगाव’मध्ये जो ‘ळ’ आहे तोच ‘बेळगावी’मध्येही आहे, आणि यंत्र दोन्हींतून तो सारख्याच सहजतेने उडवते. दुसरे उदाहरण पाहा. आमच्या येळ्ळूरचे आणि उडुपी जिल्ह्यातील एका गावाचे रोमन स्पेलिंग एकच आहे. कन्नड माणूस त्या गावाला ‘एल्लूरु’ म्हणतो. मराठीत लिहा वा कन्नडमध्ये, दोन नावांत गल्लत होणार नाही. रोमन लिपीत मात्र दोन्ही एक होतात. सुळगे आमच्याकडे दोन आहेत, पण येळ्ळूरजवळचे की उचगावकडचे, एवढे विचारून माणसे तो प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सोडवीत आली. जिथे मुळात गोंधळ नव्हता तिथे तो लिपीने निर्माण केला.

घाट उतरून गोव्यात गेले की हीच गोष्ट अधिक जुन्या रूपात दिसते. साखळीच्या वेशीवर यंत्र ‘सँक्वेलिम’ पुकारते, डिचोलीला ‘बिचोलिम’ म्हणते, केप्याला ‘क्वेपेम’. पोर्तुगीज लेखनात शेवटचा तो ‘म’ अनुनासिक उच्चाराची खूण होता. लिहिणाऱ्याने निदान स्थानिक माणसाचा नाकातला स्वर ऐकला होता. पोर्तुगीज सत्ता १९६१ साली गेली. यंत्र मात्र ती खूण ठणठणीत ‘म’ म्हणून वाचते, आणि पर्यटक तेच नाव घेऊन साखळीच्या रस्त्यावर साखळीचा पत्ता विचारतो.

बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना हे वेगळे सांगायला नको. ग्वाल्हेरच्या ‘लष्कर’ या भागाला ते नाव शिंद्यांच्या फौजेच्या तळावरून पडले. आमच्या ‘गोवावेस’ या चौकाच्या नावात गोव्याच्या दिशेची वेस उभी आहे. रोमन अक्षरे सलग जोडून लिहिली की त्यातली वेस दिसत नाही. अशी नावे म्हणजे न लिहिलेला इतिहास असतो, आणि तो उच्चारावर टिकतो.

आता आरोपीच्या पिंजऱ्यात आपण उभे राहू या. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९ मध्ये स्वतंत्र भाषा, लिपी वा संस्कृती असणाऱ्या नागरिकांना ती जतन करण्याचा हक्क दिलेला आहे. ‘लिपी’ हा शब्द तिथे स्पष्टपणे आहे. या हक्काचे आपण काय केले? कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीने फलकाचा ६० टक्के भाग कन्नडसाठी राखला गेला. उरलेल्या ४० टक्क्यांत आमचे किती दुकानदार मराठी लिहितात? गल्लीतून एक फेरी मारा. मराठी आडनावाखाली इंग्रजी अक्षरे दिसतील. लग्नपत्रिकेवर देवाचे नाव देवनागरीत आणि कार्यालयाचा पत्ता रोमनमध्ये. आपण एकमेकांना मराठी निरोपही रोमन अक्षरांत धाडतो. नकाशा करणारा हेच फलक, हेच पत्ते पाहून नावे घेणार. ‘अंगोल’ आधी आपण लिहिले, यंत्राने ते फक्त वाचून दाखवले.

उपाय अवघड नाही. बहुतेक नकाशांवर चूक कळवण्याची सोय असते. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशात तर एकाच ठिकाणाचे नाव प्रत्येक भाषेत स्वतंत्रपणे नोंदवता येते. मराठीसाठी निराळा रकाना आहे, कन्नडसाठी निराळा. कोणाचेही नाव पुसावे लागत नाही. पुसूही नये, दुसऱ्याचे नाव खोडून आपले लिहिणारा आपल्याच दाव्याचे नुकसान करतो. आपला रिकामा रकाना भरावा, एवढेच. प्रत्येक गावातील वाचनालयाने वा तरुण मंडळाने आपल्या गल्ल्या, मळे, तळी, देवळे यांची नावे वडीलधाऱ्यांना विचारून, त्यांच्या तोंडचा उच्चार ऐकून देवनागरीत नोंदवली, तर त्यासाठी ना मोर्चा लागेल, ना वकीलपत्र.

मी स्वतः सुरुवात अनगोळपासून केली. भाचीला शेजारी बसवले आणि आईला नावे सांगायला लावली. आई एकेक गल्ली सांगत गेली, भाची लिहीत गेली. ‘ळ’ दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर आला.

कायदा जागणाऱ्याला साहाय्य करतो, झोपणाऱ्याला नाही, हे विधिशास्त्राचे जुने वचन आम्ही वकील पक्षकारांना मुदत उलटून गेल्यावर ऐकवतो. आपल्या गावांच्या नावांची मुदत अजून उलटलेली नाही. ती नावे अचूक उच्चारणारी माणसे अजून आपल्या घरात आहेत, तोवर लिहून घ्या.