उंबरठ्यावरचे प्रदर्शन

आपल्या देशात रोज सर्वांत जास्त चित्रे कोठे काढली जातात, असे मला कोणी विचारले, तर मी कलाशाळेकडे बोट दाखवणार नाही, उंबरठ्याकडे दाखवीन. अंबाडा धड वळलेला नाही, गॅसवर चहाचे आधण आहे, दुधाची पिशवी अजून बाहेरच लोंबते आहे, अशा वेळी ही चित्रे निघतात. खाली सही नाही, भोवती चौकट नाही, उद्घाटनाला पाहुणा नाही. पहिला रसिक म्हणजे पेपर टाकणारा मुलगा, आणि तोही बहुधा चित्रावर पाय देऊनच पुढे जातो!

“रांगोळीच ना? ती काय कला झाली?” असे आमचे हे परवा म्हणाले. त्यांना तरी काय बोल लावायचा? भिंतीवर टांगले की चित्र आणि जमिनीवर काढले की घरकाम, ही वाटणी आपण सगळ्यांनीच मान्य करून टाकलेली आहे. मी त्यांना सांगितले, की वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत तांदूळ आणि फुले मांडून आकृती काढण्याची कला आहे, आणि बाराव्या शतकातल्या सोमेश्वर राजाच्या ‘मानसोल्लासा’त धूलिचित्राचा उल्लेख आहे. ह्यांनी पेपर जरा वर धरला. वादात हरल्याची त्यांची ही नेहमीची खूण.

धुळीचे चित्र! किती नेमका शब्द आहे. शिरगोळ्याचा दगड दळून केलेली भुकटी म्हणजे आपली रांगोळी. कोकणात भाताची तुसे जाळून त्यांची पांढरी राखही वापरीत. खाली शेणाचा सडा किंवा गेरूचा हात. सारे कसब अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत. मनगट टेकायचे नाही, हात अधांतरी, आणि भुकटी एकसारखी सुटली पाहिजे. थांबलात की ठिपका फुगतो, घाई केलीत की रेघ विरते. पुसून पुन्हा काढू म्हणाल, तर गेरूवर पांढरा डाग राहतो आणि तो दिवसभर तुमच्याकडे बघत बसतो. आमच्या लहानपणी ठिपक्यांसाठी जाड कागदाला उदबत्तीने भोके पाडीत. कागद ठेवायचा, वरून रांगोळी पसरायची आणि अलगद उचलायचा. ठिपके असे सरळ ओळीत उभे, की जणू शाळेतली मुले कवायतीला! हल्ली बाजारात रांगोळीचे स्टिकर मिळतात. चिकटवले की वर्षभर तीच कमळे. ज्यांना सकाळी सातची गाडी गाठायची असते त्यांना मी नावे ठेवणार नाही. पण वर्षभर न पुसणारी रांगोळी म्हणजे मला वर्षभर न बदललेल्या उशीच्या अभ्र्यासारखी वाटते.

ही आवड एकट्या महाराष्ट्राची नव्हे. बंगालात अलपना, राजस्थानात मांडणा, गुजरातेत साथिया, बिहारात अरिपन, आंध्रात मुग्गू, तमिळनाडूत कोलम. तिकडच्या बाया तांदळाच्या पिठाने काढतात, म्हणजे मुंग्यांचीही न्याहारी होते. ठिपक्यांना वळसे घालीत जाणाऱ्या त्या रेषांत मद्रासच्या गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन या विद्वानांना गणित दिसले, आणि १९७४ साली त्यांनी कोलमवर संगणकशास्त्रातला शोधनिबंध लिहिला. दारात बसलेल्या बाईला मात्र ते गणित निबंधावाचूनच येत होते.

पण मला खरे कौतुक वाटते ते वहीचे. जुन्या घरात पाहा, एक चौकटीची वही हमखास सापडेल. तिला हळदीचे डाग, तेलाचे बोट. त्यात कोठल्याही नकाशाला काढणारीचे नाव नाही, देणारीचे आहे. ‘नागपूरच्या वन्संचे कमळ’, ‘शेजारच्या काकूंची पणत्यांची’, ‘सोलापूरला लग्नात पाहिलेली’. माझ्या आईच्या वहीत चैत्रांगणाची दोन पाने होती. गौरीचा पाळणा, सूर्य, चंद्र, तुळस, कासव, हत्ती, फणी, करंडा, साऱ्या घरादाराची यादीच! एखादीची रांगोळी आवडली की आपण म्हणायचे, “छान आहे हो!” आणि तिने म्हणायचे, “घ्या की उतरवून.” असे म्हणणारा चित्रकार मी तरी अजून पाहिलेला नाही. चित्रकाराचेही बरोबर आहे म्हणा, त्याला पोट आहे. पण रांगोळीवालीची कला दिल्याने वाढते आणि लपवली तर वहीतच मरते, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही.

मग या कलेला दालनात नेऊन बसवावे का? दालन वाईट असे माझे म्हणणे नाही. मिथिलेचे उदाहरण घ्या. तिथल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या नवदांपत्याच्या खोलीच्या भिंतीवर, म्हणजे कोहबरात, चित्रे काढीत. १९३४ च्या भूकंपात घरे पडली तेव्हा आतल्या भिंती उघड्या झाल्या, आणि डब्ल्यू. जी. आर्चर या इंग्रज अधिकाऱ्याला ती चित्रे दिसली. १९४९ साली त्याने ‘मार्ग’मध्ये त्यांवर लेख लिहिला. पुढे १९६६-६७ च्या दुष्काळात पुपुल जयकरांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना तिकडे पाठवले. त्यांनी बायांना कागद दिले. भिंतीवरचे चित्र कागदावर आले, विकले गेले आणि चुली पेटल्या. यापेक्षा कलेने आणखी काय करावे?

आपल्या वारल्यांचेही तसेच. लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहायचा मान सवाशिणींचा. मधोमध पालघाट देवी. भास्कर कुलकर्णी तिकडेही पोचले, आणि १९७० च्या दशकात जिव्या सोमा मशे यांची चित्रे मुंबईच्या दालनात लागली. मशे मोठे कलावंत, यात शंकाच नाही. लग्नापुरते काढायचे ते त्यांनी रोज काढले आणि रेषेला पळायला शिकवले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. माझ्या मनात येते ते एवढेच, की ज्या सवाशिणी चौक लिहीत आल्या, त्यांच्यातल्या किती जणींची नावे आपल्याला ठाऊक आहेत?

शिवाय दालनात गेले म्हणजे टिकले, असेही नाही. मिथिलेच्या गंगादेवींना १९८४ साली पद्मश्री मिळाली. दुखण्याशी झगडत त्यांनी दिल्लीच्या शिल्पसंग्रहालयात अख्खे कोहबर रंगवले. १९९१ साली त्या वारल्या, आणि २०१५ साली संग्रहालयाच्या नूतनीकरणात ते कोहबरही गेले. आमची रांगोळी निदान संध्याकाळी पुसली जाणार हे आम्हाला सकाळीच माहीत असते!

हॉलमधल्या रांगोळ्यांना दिवाळीत मीही रांग लावून जाते. पुढाऱ्यांचे चेहरे, नऊवारीच्या निऱ्या, पानावरचा दवाचा थेंब, सगळे हुबेहूब. हात थक्क करणारे आहेत. पण बघणाऱ्याने “अगदी फोटो!” म्हटले की मला वाईट वाटते. फोटोच हवा होता, तर दोन दिवस पाठ मोडून कशाला घ्यावी?

आता आमच्या इमारतीतली गोष्ट. गेल्या वर्षी तळमजल्यावर आणि जिन्यापुढे नव्या ग्रॅनाइटच्या लाद्या बसल्या, आणि पाठोपाठ फळ्यावर सूचना लागली, की दाराबाहेर रांगोळी काढू नये, रंग मुरतात, पाय घसरतात. बहुतेकींनी ती वाचली आणि स्टिकर आणले. तळमजल्याच्या मावशींनी वाचली आणि दुसऱ्या दिवशी रांगोळी काढली. पंचाहत्तरी उलटलेली बाई, बोटे थोडी थरथरतात, पण चिमटीत भुकटी आली की हात स्थिर. प्रकरण सभेत गेले. घसरण्याचा मुद्दा निघाला, डागांचा निघाला, एका गृहस्थांनी तर लादीचा चौरस फुटाचा भाव सांगितला. मावशी शेवटपर्यंत गप्प. चिटणीस म्हणाले, “मावशी, तुम्हाला काही म्हणायचे आहे का?”

त्या बसूनच म्हणाल्या, “घरात कोणी गेले की दारात रांगोळी नसते. तुमचे ऐकले तर लोक रोज माझ्या दारावरून जाताना विचारतील, कोण गेले म्हणून. मी काय सांगू?”

सभेत कोणी खोकले नाही. मावशींचे यजमान आदल्या वर्षीच वारले होते, आणि तेव्हाचे ते कोरे दार आम्ही सर्वांनी पाहिले होते. ठराव झाला तो असा, की प्रत्येक दारापुढे एका लादीपुरती पांढरी रांगोळी चालेल. रंग भरायचे तर पाटावर. बायकांत त्यावरून दोन तट पडले. काहींना एक लादी म्हणजे भीक वाटली. मला विचाराल तर लादी थोडी आहे, पण ती मागून घेतलेली आहे, कोणी हौसेने बक्षीस दिलेली नाही. तेवढ्या जागेत मावशी रोज नवे काढतात. हल्ली आणखी तीन दारांपुढचे स्टिकर निघाले आहेत.

वसुबारसेच्या सकाळी एक कुरिअरवाला पोरगा मावशींच्या दारात पाकीट घेऊन उभा होता. पाय मागे घेतलेला, नजर लादीवर. “आजी, फोटो काढू का? बायकोला पाठवतो. ती मागतेय नवीन.” मावशींनी पाकिटावर सही केली आणि त्याला तिथेच थांबवले. “फोटोतून ठिपके नीट मोजता येणार नाहीत तिला. लिहून घे. पंधरा ते आठ. पंधराची ओळ मधली, आणि दोन्ही बाजूंनी एकेक कमी करीत आठावर थांबायचे.” त्याने खिशातले पेन काढले आणि तळहातावर लिहून घेतले.